टॉबीला मी दिलेला आवाज

हे मी कुणाजवळ बोललेलो न्हाई. ताईजवळ बी न्हाई. आता तुम्ही म्हणाल, लातूरचं होस्टेल, प्रेमाची कादंबरी, म्हणजे यात एखादी पोरगी असणार. गच्चीवरून इशारे, मग चिठ्ठी, मग मार. न्हाई हो. पोरगी हाय, पण ती पुस्तकात हाय. ज्याला तेवढ्यासाठीच वाचायचं हाय, त्यानं इथंच उतरून घ्यावं.

मी अर्धापूरचा. नक्कल करणं हा माझा एकच गुण. शाळेत एकदा हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती, अर्धी शाळा घरी गेली. अकरावीला डॉक्टरकीच्या तयारीसाठी मला लातूरला टाकलं. तिथं मोबाईल बंद, टीव्ही बंद, हसणं बी बंदच म्हणा. मग मी काय करणार? नांदेडला शिकणाऱ्या ताईच्या कपाटातून इंग्रजी कादंबऱ्या आणल्या. तीन भागांची मालिका, मी पहिले दोन उचलले. जमिनीखाली एक शहर. वरच्या मजल्यांना उजेड, खालच्यांना अंधार. वरची एल्सी, खालचा रोवन. अन् दोघांनी प्रेम केलं की सरकार उचलून नेणार. आमच्या होस्टेलसारखंच, फक्त आमच्यात प्रेम नव्हतं.

रविवारी टेस्ट झाली की सगळी पोरं गच्चीवर कपडे धुवायची. तिथं मी ती गोष्ट मराठीत सांगायचो. बाकीच्यांना कोर्सच्या पुस्तकातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती, म्हणजे मी म्हणेन तेच पुस्तक. पात्रांना आवाज ओळखीचे द्यायचो. सरकारी शिपाई बोलायचे रेक्टरसरांसारखे, एल्सीची आई मेसच्या मावशीसारखी. पोरं साबण टाकून लोळायची.

कैलास देगलूरचा. माझ्या बाजूची कॉट त्याची. बोलताना अडकायचा — शब्द ओठापर्यंत यायचा, थांबायचा, मान हलायची, मग सुटायचा. म्हणून बोलायचाच कमी. पहिला भाग चालू होता तेव्हा एकदा माझ्याजवळ आला. बराच वेळ घेतला, अन् म्हणला, "मला... मला बी घे की त्यात."

मी त्याला टॉबी दिला. टॉबी म्हणजे रोवनचा जिगरी दोस्त, खालच्या मजल्यावर दिवे लावत फिरणारा. त्याला मी कैलासचा तो तेलुगू वळणाचा हेल दिला. अडकणं न्हाई दिलं — तेवढी अक्कल तेव्हा होती मला. कैलास लई खुश. वर्गात हात वर करायला लागला. अडकत का होईना, सरांना उत्तरं द्यायला लागला.

मग मधला भाग आला.

कसं सांगू? एका रविवारी मी गच्चीवर उशिरा गेलो. पोरं आधीच हसून राहिली होती. मधोमध कैलास, उपड्या बादलीवर उभा. माझी नक्कल करून राहिला होता. माझे हातवारे, माझं ते बोलता बोलता नाक ओढणं. अन् ऐका — तो अडकत नव्हता. एकदाबी न्हाई. माझ्या आवाजात शिरला की त्याची जीभ मोकळी! मला बघून खाली उतरला, हसला. बघ, जमतंय मला — असा चेहरा. मी बी हसलो. सगळ्यांवर हसायला मीच शिकवलं होतं पोरांना. माझ्यावर हसलेलं पहिल्यांदा ऐकलं. अन् ते माझ्या कुठल्याही नकलेपेक्षा मोठं हसणं होतं.

त्या मधल्या भागात टॉबी पकडला जातो. रोवन कुठं लपलाय म्हणून शिपाई त्याला मारतात, लई मारतात. तो एक शब्द बोलत न्हाई. पानंच्या पानं गप्प राहतो. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

पुढच्या रविवारी मी सांगितलं, टॉबीनं सगळं ओकलं. पहिल्याच फटक्यात. अन् ते त्याला कैलासच्या आवाजात ओकायला लावलं, अडकण्यासकट, मान हलवून. "रो... रो... रोवन ति... तिकडं..." पोरं पोट धरून बसली. एकाच्या नाकातून पाणी आलं. माझी सगळ्यात भारी नक्कल होती ती.

कैलास शर्ट पिळत होता. पिळतच राहिला.

मेसला जाताना जिन्यात त्यानं मला थांबवलं. विचारायला त्याला किती वेळ लागला! मी नुसता बघत उभा. "खरंच... असंच... लि... लिहिलंय का?"

न्हाई रे, मस्करी केली — एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणलं, "हाव. छापलेलं हाय. मी काय करू?"

त्यानं मान डोलावली. पुस्तकातच असेल तर दोस्तावर राग कसा धरायचा — एवढं साधं पोरगं.

मग त्याचं नावच टॉबी पडलं. वर्गात उभा राहिला की मागून कुणीतरी खोकल्यासारखं करायचं, "ट-ट-टॉबी!" हात वर होणं बंद झालं. सगळे जेवून गेल्यावर तो मेसला यायला लागला. बाजूच्या कॉटवरचा माणूस आठ-आठ दिवस तोंड उघडत न्हाई, अन् मी काय करत होतो? पुढची गोष्ट सांगून राहिलो होतो. एल्सी, रोवन, टाळ्या.

दिवाळीला गेलेला कैलास परत आलाच न्हाई. त्याचे वडील आले, पेटी अन् गादी न्यायला. देगलूरला सायकलचं दुकान हाय त्यांचं. मी गादीला दोरी बांधू लागलो.

"तूच का तो अर्धापूरचा?" ते म्हणले. "घरी लई सांगायचा तुझं. तुझी नक्कल करून बहिणीला हसवायचा. आता ते बी करंना. झालं काय रे बाबा इथं? आमच्याजवळ तर काहीच बोलत न्हाई."

मी गाठ मारत होतो. म्हणलं, "अभ्यास झेपला नसंल, काका."

तेवढ्यात रेक्टरसर वर आले, अन् त्यांना माझ्या उशीखालून डोकावणारं पुस्तक दिसलं. ओढून काढलं. मुखपृष्ठावर एल्सी अन् रोवन, एकमेकांच्या मिठीत.

"हे शिकायला आलास का इथं? बाप तिकडं केळीच्या बागेत राबून राहिला, अन् तू लफड्याची पुस्तकं वाचतोस? या काकांचं पोरगं बघ! झेपलं न्हाई तर सरळ घरी गेलं. असले चोरून धंदे न्हाई केले त्यानं. लाज वाटती का?"

काकाच मधे पडले. "जाऊ द्या सर. कैलासचा दोस्त हाय तो."

सर अजून तापले. "अजून काय लपवलंस? बोल! अजून काय हाय?"

"काही न्हाई सर," मी म्हणलं. "एवढंच."

"एवढंच म्हणे! पुन्हा असलं काही सापडलं, तर गादी बांधून अर्धापूरला धाडून देईन. चल, काकांची पेटी उचल. खालपर्यंत नेऊन दे."