भाकरीची थाप आणि स्टोव्हची चावी

सुमे, फोनच्या जवळ सरक जरा, नीट दिसत नाहीस. लांब बसून नुसती मान डोलवू नकोस. चाळीस बायकांकडून प्रश्नांचा कागद भरून घेतलास, सगळ्यांनी ‘वस्तू चांगली आहे’ लिहिलं, आणि तू ते खरं मानून मोकळी झालीस. शहाणी कुठली. तुम्ही त्याला यूजर रिसर्च म्हणता. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं, पण चूक हीच होती आणि ती मी स्वतः केली होती. म्हणून तुझी आज्जी रागावतेय. ऐक आता.

कोल्हापुरात आमच्या कारखान्याच्या दारात परत आलेले स्टोव्ह ओळीनं मांडले होते. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. कारखाना पंपांचा, स्टोव्हचा विभाग नवा. रॉकेलवर चालणारा वातीचा स्टोव्ह. बाजूला छोटी गोल चावी, ती फिरवली की वाती वर-खाली होतात, जाळ लहान-मोठा होतो. एवढंच त्यातलं यंत्र. मी डेमॉन्स्ट्रेशनला होते. म्हणजे घरोघरी जाऊन स्टोव्ह पेटवून दाखवायचा आणि महिन्याभरानं कसा चालतोय ते विचारून यायचं. शिक्षण सातवी. बाकीचं बघून बघून शिकलेलं.

तो स्टोव्ह दस्तगीरचाचांचा. चाचा आमचे पॅटर्नमेकर. कुठलाही भाग लोखंडात ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, त्याला फर्मा म्हणतात. तो करणारे हे मिस्त्री. घरी चाचींचे डोळे चुलीच्या धुरानं कायम लाल असायचे. ते बघून त्यांनी हा स्टोव्ह मनात घेतला आणि सुट्टीच्या दिवशी येऊन येऊन पुरा केला.

मालकांनी ती ओळ बघितली आणि सरळच सांगितलं, “दसऱ्यापर्यंत बघतो, चाचा. न्हाय जमलं तर हे फर्मे मोडायचे. आनि पंपाचं बारीक काम तुमच्या डोळ्यांना आता झेपत न्हाय, हे तुमास्नीबी ठावं हाय.”

म्हणजे स्टोव्ह गेला की चाचाही घरी. चाचांनी एका स्टोव्हवरची धूळ तेवढी सदऱ्याच्या बाहीनं पुसली.

मग मालकांनी माझी वही मागितली. वहीत प्रत्येक घरापुढं ‘ठीक चालतो’. मग परत का येतात, असं त्यांनी विचारलं. वहीत खोटं तर काही नव्हतं गं.

दुपारी चाचा माझ्याजवळ आले. “शांताबाय, तू गेल्यावर त्या काय शिजवत्यात?”

“चहा.”

“आनि तू न्हाईस तवा?”

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पावणी आली म्हणून प्रत्येक घरी चहा टाकायचे. तोही मुद्दाम आमच्याच स्टोव्हवर, मला बरं वाटावं म्हणून. चहाला एकदा जाळ लावला की परत चावीला हात लावायचं कामच नाही. मी इतकी घरं हिंडले आणि घरोघरी फक्त चहा बघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं कळंब्याला गेलो. तिथल्या मालूताईनं आठवड्यापूर्वी स्टोव्ह परत दिला होता, तोच बरोबर घेतला. ती म्हणाली, “चांगलाच हाय की ओ. आमालाच सवय न्हाय.” आणि तिचा हात चहाच्या डब्याकडं गेला. मी पट्कन सांगितलं, मी चहा सोडलाय, नवस आहे. धडधडीत खोटं. मग तिनं दूध विचारलं, गूळ-शेंगा विचारल्या, मी सगळ्याला नाही म्हटलं. शेवटी विचारण्यासारखं काही उरलंच नाही. मग मी म्हटलं, तुझ्या भाकऱ्या राहिल्यात ना, त्या आज या स्टोव्हवर कर. मी नुसती बसते.

चाचा बाहेर कट्ट्यावर बसले. परक्या बाप्यानं स्वयंपाकघरात यायची रीत नव्हती.

मी तोंड मिटून बसले. माझ्यासारखीला ते किती अवघड, तुला माहीत आहे. मालूताईनं चार भाकऱ्या केल्या. एक करपली. मला वाटलं, बाईला खरंच सवय नाही. तेच सांगायला बाहेर आले.

चाचांनी विचारलं, “मधी मधी थाप का बंद पडत हुती?”

मी म्हटलं, कुठं पडली?

“पंप ऐकून बिघाड कळतुया, तसं ऐकत हुतो. थाप, थाप, थाप, आनि बंद. मग पानी वतल्याचा आवाज. मग परत थाप. दर भाकरीला.”

मी दोन हातांच्या अंतरावर बसून जे बघितलं नव्हतं ते या माणसानं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. मधेच हात धुणं मला दिसलं होतं, पण त्यात बघण्यासारखं काय, असं वाटलं. परत आत गेले. मालूताई हसायलाच लागली. “अवो, हाताला पीठ असतंय. बोटं घसरत्यात, चावी फिरत न्हाय. हात धुऊन येस्तवर तव्यावरची करपती. चुलीला कसं, मनगटानं लाकूड मागं सारलं की झालं.”

आधी का नाही सांगितलंस, म्हटलं.

“तुमी चांगला हाय का म्हनून इचारलं. भाकरीचं कुनी इचारलं? आनि घरी आलेल्या मानसाला वंगाळ हाय म्हनून कसं सांगायचं?”

चाचा त्या संध्याकाळी घरी गेले आणि त्यांनी चाचींना विचारलं, तुलाही हात धुवावे लागतात का. त्यांच्याकडं पहिला स्टोव्ह होता. चाची म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. बोलली का नाहीस, तर म्हणाल्या, तुम्ही इतक्या मनापासून केलाय. हे सगळं मला चाचांनी दुसऱ्या दिवशी रंधा मारता मारता सांगितलं, तोंड लाकडाकडं ठेवून. मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

मग कामाला लागलो. गोल चावी काढली. तिच्या जागी पुढच्या बाजूला एक लांब चपटी पट्टी आली, मनगटानं ढकलली की जाळ कमी-जास्त होणारी. पहिली पट्टी घट्ट झाली. दुसरी जाळाच्या जवळ, मालूताईचं मनगट पोळलं. त्या दिवशी तिनं आम्हाला चांगलं फैलावर घेतलं, आणि मला कोण आनंद झाला. आता ती खरं बोलत होती. तिसरी पट्टी जमली. चुलीतल्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजल्याची चव काही स्टोव्हवर येईना, तो नाद आम्ही सोडून दिला.

मालक म्हणाले, ऑफिसात चहा करून दाखवा. मी म्हटलं, “चहा न्हाय, मालक. घरी न्या, वैनींना भाकरी करू द्या.” त्यांच्या घरी गेलेला तो स्टोव्ह परत आलाच नाही, वैनींनी ठेवूनच घेतला. दसरा आला, गेला, फर्मे जागेवर राहिले. चाचा पुढं कितीतरी वर्षं स्टोव्हच्या विभागात होते.

तर सुमे, माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून चांगलं म्हणतो, आणि जितकी माया जास्त तितकं जास्त म्हणतो. कागद भरून घे, पण त्यावर विसंबू नकोस. कामाच्या वेळेला जा, गप्प बस, आणि काम कुठं थांबतं ते बघ.

आणि घरी कधी येतेस? माझे गुडघे आता एसटीची पायरी चढू देत नाहीत, म्हणून तूच यायचं. दोन दिवस तरी राहायच्या बेतानं ये, आणि लवकर ये.