नेलपालिशचा टिपका

आमच्या गावचे गाडीमिस्त्री डोमामामा कोणाचं ऐकूनच घेत नव्हते. गाडीवाला म्हणे डावीकडून आवाज येते, त हे आधी उजवीकडं वाकत. कोणी म्हणे हे कालच नवं टाकलं, त हे टॉर्च आणत. आन् वरून म्हणत, "माह्यावरबी विश्वास नोको ठेवू. हात लावून पाह्य." असा माणूस मले लबाडच वाटला. जो सगळ्याइवर शक घेते त्याच्याच मनात काही असन, असं मले वाटे. माह्या सोताच्या मनात किती शक होता ते मले दिसे नाही.

मी गोंदियाकडची, सातवीपर्यंत शिकली, भंडारा-गोंदिया जिल्हे वेगळे झाले त्याच्यानंतर लग्न होऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरले आली. आमच्या घरचे, म्हणजे माहा नवरा, जुनी व्हॅन चालवत, लाखनी ते भंडारा सवाऱ्या. लेकरू आठ महिन्याचं होतं. गाडी हायवेवर गेली का वापस येईपर्यंत माहा जीव ट्रकाइच्या मधात अडकून राहे. त्यात समोरच्या चाकातून कटकट आवाज येऊन राहिला होता, खड्ड्यात जास्त, वळणावर जास्त. लाखनीच्या एका मिस्त्रीनं ग्रीस भरून देल्लं आन् आवाज बंद. मी त देवापुढं नारळ फोडला.

मंग एक दिवस डोमामामाकडं चाकात हवा भरायले थांबलो. लेकराले घेऊन माह्या माहेरी जाचं होतं. मामानं टायर पाह्यला, आतल्या कडेनं घासलेला, आन् म्हणाले, "ग्रीस कोणं भरलं?" आम्ही त काहीच सांगतलं नव्हतं. याइले कसं माहीत? मले वाटलं हे दोघं मिस्त्री मिळालेले आहेत, एक बिघडवते आन् एक पकडते.

मामा म्हणाले, "ताजं ग्रीस दिसून राहिलं ना. ग्रीसनं आवाज मरते बाई, झीज नाही मरत." त्याइनं जॅक लावला, खाली लाकडाचा ओंडका देल्ला, मले ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेक दाबून धरायले सांगतलं. लेकरू मामीजवळ दे म्हणाले, मी नाही देल्लं. गाडी एकीकडून उचलली तशी मी डोळेच मिटले. चाक वरून-खालून धरून हालवलं त ठक ठक वाजलं. ब्रेक दाबूनबी चाक हालते, म्हणजे बेरिंग नाही, डावा बॉल जॉइंट गेला, असं ते घरच्याइले समजावून राहिले होते. चाक ज्या गोट्यावर फिरते तो गोटा आपल्या वाटीत ढिला झाला. एखाद्या दिवशी गोटा बाहेर आला का चाक आडवं पडन, मंग स्टेअरिंग काही कामाचं नाही. सामान भंडाऱ्याहून सकाळी येईन, तवरक गाडी अठीच राहू द्या.

मी म्हटलं, नाही, गाडी घरी नेऊ. चांगलं सामान काढून घेतलं त? मामा चालवू नका म्हणाले, आन् आमच्या गल्लीपर्यंत सोता ढकलत आले.

सकाळी घरचे आंघोळीले गेले, तशी मी लाल नेलपालिश घेऊन गाडीपुढं वाकली. चाकामागं तो गोल जॉइंट कुठं असते ते घरच्याइलेच विचारून ठेवलं होतं. डाव्याले टिपका लावला. आता जुनं धुऊन वापस लावलं त सापडन.

सामान आलं तशी गाडी ढकलतच दुकानात नेली. मामा काढलेलं सामान गिऱ्हाइकाच्याच हातात देत, तसा दुपारी जुना जॉइंट माह्या हातात देल्ला. मी पुसला, फिरवून पाह्यला. टिपका नाही. चार गिऱ्हाइकाइपुढं मी म्हटलं, "मामाजी, हा आमचा नाही. तुमी दुसरंच भंगार देऊन राहिले."

घरच्याइनं मान खाली घातली. मी टिपक्याचं सांगतलं. मामानं मले गाडीपुढं उभं केलं आन् विचारलं, डावा कोणता? मी माह्या डाव्या हाताकडं दाखवलं. ते म्हणाले, "गाडी तुह्याकडं तोंड करून उभी आहे बाई. तिचा डावा तिकडं." मंग टॉर्च मारला. दुसऱ्या चाकामागं माहा टिपका लालभडक.

मले वाटलं आता हासतीन. हासले नाही. उजव्या जॉइंटवर माहं बोट ठेवलं, टायरखाली टॉमीची लोखंडी सळाख घालून दाबली. बोटाखाली काहीच हाललं नाही, म्हणजे उजवा चांगला होता. मंग जुना हातात देल्ला, त्याचा गोटा पडाले आलेल्या दातासारखा हालत होता. म्हणाले, "खूण केली ते बेस केलं. हा टिपका राहू दे, सहा महिन्यानं पुन्हा बोट लाव."

त्या दिवसापासून मामाच्या फळीवर नेलपालिशची शिशी राहे. गिऱ्हाइकाले आधी टिपका लावायले लावत, डावा-उजवा समजावून.

सहा महिन्यानं गेलो त दुकान बंद. मामा आठ दिवसाआधी वारले होते. मामी दारात बसून होती, तिनं शिशी माह्या हातात देल्ली, आत लाल रंग वाळून गेला होता.

मंग आम्ही लाखनीच्या त्याच मिस्त्रीकडं गेलो. त्यानं वरूनच पाह्यलं आन् ग्रीस आणाले निंगाला. मी जॅक लावायले लावला, लेकरू घरच्याइजवळ देल्लं, ब्रेक दाबा म्हटलं, आन् सोता खाली बसून टिपक्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं चाक हालवलं तसं बोटाखाली हाललं.

मिस्त्री म्हणाला, "काही नाही होत वहिनी, विश्वास ठेवा."

मी म्हटलं, "माह्यावरबी नोको ठेवू भाऊ. हात लावून पाह्य."