पाचशे पंच्याऐंशी

ऐंशीच्या दशकात मी एक तिसऱ्या हातची मोटार घेतली. तिच्यात रेडिओ नव्हता आणि त्यावाचून माझं काही अडतही नव्हतं. पण आई रेडिओवर बोलून आली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

आईबाबांचा जन्म हातमागावर गेला. बाबा विणायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. त्याबद्दल बोलायला आईला बायकांच्या कार्यक्रमात बोलावलं होतं. रेकॉर्डिंगहून आली ती लाजतच. म्हणाली, "त्या बाईनं मालकाचं नाव विचारलं. मंग घेतलं म्या तुह्या बापाचं नाव. चांगलं मोठ्यानं."

लग्नातल्या उखाण्यानंतर आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि तो उखाणाही बँडच्या गोंगाटात बुडाला, ही बाबांची जुनी तक्रार.

"मले आत्ताच म्हणून दाखव न," बाबा म्हणाले.

"रेडिओवर ऐका," आई म्हणाली.

बाबा दिवस मोजू लागले. आणि नेमक्या त्याच रविवारी दुपारी सावनेरला पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. कार्यक्रमाच्या वेळी आम्ही रस्त्यात असणार. घरचा रेडिओ विजेवरचा. बायको म्हणाली, शेजारचा ट्रान्झिस्टर मागून आणा. मोटारवाल्या माणसानं ट्रान्झिस्टर मागायचा? मी तडक बर्डीच्या बाजारात गेलो.

माझ्या ऐपतीतले दोनच सेट होते. एक इथेच जुळवलेला, काट्याचा, दिसायला साबणाच्या डबीसारखा. दुसरा परदेशी, बिनखोक्याचा, बिनबिलाचा, म्हणून स्वस्त. त्यात काट्याऐवजी लाल आकडे चमकायचे. बटण दाबलं की आकडा टुणकन पुढे. मी तिथेच विरघळलो. आपलं नागपूर लावून दाखवा म्हटलं तर दुकानदार म्हणाला, "इथं पत्र्याखाली नाही पकडत, भाऊ. रोडवर निघा, मस्त वाजते." मग त्यानं कॅसेट लावली. आवाज असा घुमला की मी पुढचं काही विचारलंच नाही. शनिवारी संध्याकाळी सेट बसवला आणि घरापर्यंत कॅसेटच ऐकत आलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

रविवारी सावनेरच्या रस्त्याला लागलो. बाबा पुढे, धुतलेल्या टोपीत. आई आणि बायको मागे. वेळ झाली तसं मी ऐटीत बटण दाबलं. पाचशे सत्तर, खरखर. पाचशे ऐंशी, खरखर, त्यात कुठेतरी बाईचा पुसट आवाज. पाचशे नव्वद, पुन्हा खरखर. नागपूर बसलेलं पाचशे पंच्याऐंशीवर, आणि हा सेट दहा-दहाच्याच उड्या मारणारा! अमेरिकेत तशीच स्टेशनं असतात म्हणे. पंच्याऐंशीवर थांबणं त्याच्या नशिबातच नव्हतं. मी पुढे दाबलं, मागे दाबलं, शेवटी त्याला एक चापटही मारली.

"काटेवाला काहून नाही घेतला गा?" आईनं विचारलं.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साबणाची डबी घेतली असती तर काय बिघडलं असतं?

पुढे एक चहाची टपरी दिसली आणि तिथे ट्रान्झिस्टर वाजत होता. मी गाडी थांबवून अक्षरशः धावलो. त्यात आईच बोलत होती, सुताबद्दल, आणि टपरीवाला गाण्यासाठी काटा फिरवायच्या बेतात होता. "हात नको लावू!" मी असा ओरडलो की चहा पिणारे उठून उभे राहिले. "आई आहे माझी! गाडीत बसली आहे, बघ!"

त्यानं गाडीकडे पाहिलं, मग रेडिओकडे. मग तो रेडिओ दोन्ही हातांत धरून स्वतःच गाडीपाशी आला आणि त्यानं तो बाबांच्या खिडकीत टेकवला. मागे आईनं पदर तोंडाशी धरला होता. रेडिओतल्या बाईनं विचारलं, घरी विणायचं कोण, मालकाचं नाव काय? मग आईचा आवाज आला, जरा घाबरलेला, पण स्वच्छ, आणि त्यात बाबांचं पूर्ण नाव.

बाबा दचकून ताठ बसले आणि त्या रेडिओकडे वाकून म्हणाले, "काय वं? हावो न मी इथंच."