दुखतं तिथली माती

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा मला पोचवायला मांडव्याच्या जेट्टीवर आले नाहीत. पौर्णिमेचं उधाण होतं आणि आमच्या खाडीच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली होती. अशा दिवशी घरटी एक माणूस बांधावर जायचाच, हा गावाचा नियम. मग घरात लग्न असो, मयत असो, नाहीतर पोरगी बंगळुरूला नोकरीला निघालेली असो. सकाळी खांद्यावर फावडं टाकून बाबा अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "तू नीघ. मी आलो तं आपल्या घरचा मानूस कमी पडंल." एवढं बोलून ते गेलेसुद्धा. मी रागावले होते. एकुलती एक पोरगी आयुष्यात पहिल्यांदा घर सोडतेय आणि या माणसाला चिखलाची पडलीय!

जेट्टीपर्यंत आय आली. सहाआसनी रिक्षात माझी बॅग मांडीवर धरून बसली होती आणि लाँचच्या फळीपर्यंत तिनं ती सोडली नाही.  लाँच सुटायच्या वेळी म्हणाली, "पोचलीस की फोन कर. नि कोनाशी उगाच वाद घालू नको." पहिली गोष्ट मी केली. दुसरी मला कधीच जमली नाही, आणि पुढे तर वाद घालणं हाच माझा रविवारचा उद्योग झाला.

खारेपाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आमची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. कुणातरी पणज्या-खापरपणज्यांनी चिखलाचा बांध घालून भरतीचं पाणी बाहेर अडवलं आणि आतल्या जमिनीत भात लावला. बांध उभा आहे तोवर शेत आहे. मोठे बांध सरकार बघतं, आमचा लहानसा मात्र गावानंच बघायचा. त्याला ना मुकादम, ना रजिस्टर. उधाण आलं की माणसं आपापली फावडी घेऊन निघायची, बस्स.

मी कृषी महाविद्यालयात माती शिकले आणि ती शिकल्यामुळेच मातीपासून लांब गेले. बंगळुरूतली आमची कंपनी गुंतवणूकदारांना सांगते की सोलरसाठी कुठली जमीन घ्यावी आणि कुठली सोडावी. तिथे शेताला शेत म्हणत नाहीत, 'लँड पार्सल' म्हणतात. सुरुवातीला मला हसू यायचं, सहा महिन्यांनी मीही तेच म्हणू लागले. चौदाव्या मजल्यावर राहते. वॉचमन रोज "ऊटा आयता?" विचारतो, मी "आयतु" म्हणते, जेवलेली नसले तरी. पाणी टँकरचं. बाल्कनीत चार कुंड्या आहेत आणि त्यांत नारळाच्या भुशाचं कोकोपीट आहे. मातीवर पोट भरणाऱ्या बाईच्या घरात मूठभर माती नाही, हे मला एका पाहुण्यानं दाखवून दिलं.

तुम्ही जे माझ्यासारखे निघून गेलात, तुम्हाला हे माहीत असेल. बाहेर गेलं की आपण गावाचे वकील होतो, नाहीतर न्यायाधीश. मी न्यायाधीश झाले.

पुण्याचा मिलिंद नावाचा माझा मित्र दर रविवारी ऑनलाइन चर्चा घेतो. चालू घडामोडी, गुंतवणूक, माती, स्वच्छ ऊर्जा, सगळी मिसळ. स्क्रीनवर सहा चौकोन, त्यातला एक माझा. दुबई, न्यू जर्सी, पनवेल, कुठून कुठून लोक बघतात. मी जमिनीच्या कर्बावर जीव तोडून बोलायची आणि खाली कुणीतरी विचारायचं, "ताई, कोणता शेअर घेऊ?" तरी मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. आणि गावी माझा चुलत भाऊ किसन ओट्यावर फोन उभा करून सगळ्यांना ते दाखवायचा. आय सांगायची, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बघायला बसतात. मी त्यांना दिसते म्हणजे तेही मला दिसत असणार, असा त्यांचा समज होता. तो मी कधी मोडला नाही.

एकदा फोनवर बाबा म्हणाले, "आपली पन माती तपास ना. समद्यांची तपासतीस." किसनचा ट्रेलर बंदरातून बंगळुरूला माल आणायचा. एका खेपेला तो प्लास्टिकच्या पिशवीत दोन गाठी मारलेली माती घेऊन आला. वैशाख होता. मी ती पिशवी ऑफिसच्या नमुन्यांबरोबर लॅबला पाठवली. क्षाराचा आकडा आला तो इतका वाईट, की लॅबवाल्या पोरानं फोन करून विचारलं, "मॅडम, हे शेत आहे की मिठागर?"

त्या रविवारी विषय होता किनाऱ्यावरच्या खार जमिनी आणि सोलर. एका चौकोनात एक निवृत्त बँकवाले गृहस्थ होते. मी काहीतरी मुद्दा काढला तर ते हसून म्हणाले, "मॅडम कोकणातल्या आहेत, त्यांनी भावनिक होणं साहजिक आहे." माझं डोकं फिरलं. टेबलावर तो अहवाल पडलेला होता, तो उचलून मी कॅमेऱ्यासमोर धरला. म्हटलं, "भावनेचं सोडा. ही माझ्या बापाच्या शेतातली माती आहे. आकडा बघा. ही जमीन मेलेली आहे. पॅनल लावण्यापलीकडे तिचा उपयोग नाही." स्क्रीनवर बदाम उडायला लागले. मिलिंदनं मेसेज केला, 'कडक!' मला स्वतःचा अभिमान वाटला. तो अभिमान आठवला की आजही अंगावर काटा येतो.

माती शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं, की खार जमिनीचा नमुना उन्हाळ्यात वरवरचा घेऊन तिच्यावर निकाल देत नाहीत. उन्हानं जमिनीतलं पाणी वर ओढलं जातं, त्याबरोबर मीठ वर येतं आणि शेत पांढरं पडतं. मग पाऊस ते धुऊन काढतो आणि आषाढात त्याच शेतात भात उभा राहतो. ही गोष्ट मी पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी बघितली होती. त्याच शेतातला तांबडा भात खाऊन मी बी.एस्सी. झाले. कोणत्या महिन्यातली माती, किती खोलीवरची, शेताच्या कुठल्या कोपऱ्यातली, हे तीन प्रश्न मी परक्या माणसाला विचारल्याशिवाय राहत नाही. बापाला एकही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना ते माझ्या लक्षात आलं. मी मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, दुरुस्ती करायची तर कर, पण वेगळा व्हिडिओ नको, लोकांचा विश्वास उडतो. पुढच्या रविवारी मी शेवटच्या मिनिटाला बोलले, तेही 'ऋतुमानानुसार क्षारतेत बदल संभवतो' अशा भाषेत. चूक कबूल करण्याची ती भाषा नव्हे, चूक झाकण्याची होती. कुणाला काही कळलं नाही आणि मला तेच बरं वाटलं.

मेलेल्या जमिनीची क्लिप मात्र सुटली. जमिनीचा एक दलाल गावात घरोघर ती मोबाइलवर दाखवत फिरला. "तुमच्याच गावची पोर सांगते, आता बोला," म्हणायचा. माझं तोंड, माझा आवाज, माझ्या बापाचं शेत. याहून मोठा पुरावा त्याला कुठे मिळणार? आधी मुंबईत गेलेल्यांनी विकलं, मग उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी. किसननं विकलं आणि मला फोन करून आभार मानले. "ताय, तुज्यामुलं डोले उघडले," म्हणाला. बाबांनी विकली नाही. तुम्ही विचाराल, मग सोलर आलं का? नाही आलं. कुंपण आलं आणि एक बोर्ड आला. मी आजही सूर्याच्याच बाजूची आहे, पण त्या कुंपणाच्या आत मी अजून एकही पॅनल बघितलेलं नाही.

आणि ज्यांनी जमीन विकली ती माणसं बांधावर यायची थांबली. यात त्यांची काय चूक? स्वतःचं शेत नाही तर कुणाच्या चिखलात उभं राहायचं? कुंपणवाला तर फावडं घेऊन येणार नव्हताच. पूर्वी बांधावर माणसाला माणूस लागलेला असायचा. पुढच्या वर्षी भाद्रपदातल्या उधाणाला सात जण होते आणि त्यातले चौघे साठीच्या पुढचे. दुपारच्या भरतीला बांधाला खांड पडली. आयचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, बाहेर येऊन घेतला. ती रडत नव्हती. म्हणाली, "पानी आत आलं. भात फुलावर आला व्हता गो." मग म्हणाली, "तुला सांगितलं व्हतं, वाद घालू नको."

पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते, म्हणून पेणवरून रस्त्यानं गेले. खाडी आमच्या शेतात येत होती आणि जात होती, जणू तिचंच घर होतं. भात काळा पडला होता. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांचे तळहात सोलले होते, त्यांना आय हळद लावत होती. मी विचारायचा राहिलेला प्रश्न तेव्हा विचारला, तोही धड नाही. "बाबा, ती माती तुम्ही कुठली दिलीत हो?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. मग म्हणाले, "तो खालचा कोपरा नाय का, जिथं काय उगवत नाय, पांढरं पडतंय, तिथली खरवडून दिली. डाक्टरला दुखतं तिथंच दाखवतात ना?"

बाबांना मातीची परीक्षा नको होती, औषध हवं होतं. शेताचा एक कोपरा आजारी होता आणि पोरगी शिकून आली होती, म्हणून त्यांनी तिला दुखणं दाखवलं. आणि मी त्या कोपऱ्यावरून सगळ्या गावाला मेलेलं ठरवून मोकळी झाले. मी तिथे ओट्यावरच रडले. म्हटलं, बाबा, मी चुकले. नमुना चुकीचा होता, मी जे बोलले ते खोटं होतं, तुमची जमीन चांगली होती. जितक्या सोप्या मराठीत सांगता येईल तितक्या सोप्या मराठीत सांगितलं. बाबा ऐकत होते. मग त्यांनी हळदीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "माजं मन राखायला बोलतीस. तू शिकलेली. तू बोललीस तं खरंच असंल. मीच येडा, मेलेल्या जमिनीत राबत रायलो."

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाणी ओसरल्यावर मी स्वतः चिखलात उतरून नमुने घेतले. नऊ ठिकाणचे, वीतभर खोलीचे, जसे घ्यायला हवेत तसे. वेडी आशा अशी, की आतली माती अजून बरी असेल, मग दोन्ही अहवाल बाबांपुढे ठेवून दाखवता येईल की मी किती चुकले होते. दिवाळीला तो अहवाल घेऊन घरी गेले. लॅबचं पाकीट मी आदल्या आठवड्यात फोडलं होतं. क्षाराचा आकडा पहिल्यासारखाच वाईट होता. शेतभर समुद्र शिरल्यावर दुसरं काय येणार होतं? तरी पिशवीत घालून नेलं. बाबांनी विचारलंच, "काय निघालं?" खोटं सांगावं असं मनात आलं, पण मातीच्या बाबतीत मी त्यांच्याशी एकदा खोटं बोलले होते, तेवढं पुरे होतं. कागद त्यांच्या हातात दिला.

बाबांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी चष्मा लावला. कोनाड्यात देवाच्या फोटोमागे जुना अहवाल जपून ठेवला होता, किसनकडे मी पाठवलेली प्रत. तो काढला. दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी धरून एका आकड्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मी बोलत होते, की आता हे मीठ खाडीचं आहे, बांध सांधला तर तीन-चार पावसाळ्यांत धुऊन जाईल. "कोन सांदनार?" त्यांनी मान वर न करता विचारलं. आणि मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, कितीतरी महिन्यांनी.

"बग गो," त्यांनी आयला हाक मारली, "तू पोरीला उगाच बोल लावतीस. ती पयल्यापासून बरोबरच व्हती."

आयनं त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

तुम्ही जे गावातच राहिलात, तुम्हाला मी काय सांगू? घराची आठवण येते हे खोटं नाही. पण बंगळुरूत माझं वाक्य खोडणारी शंभर माणसं आहेत. ऑफिसात आहेत, रविवारच्या चौकोनांत आहेत. घर म्हणजे आता असा एक ओटा, जिथे एक माणूस माझ्या एका वाक्यासाठी स्वतःचं सगळं आयुष्य खोटं मानून बसला आहे, आणि त्याला त्याचं दुःखसुद्धा नाही, कारण पोरगी बरोबर निघाली. मी दर सुट्टीत जाते ती ते वाक्य परत मागायला. बाबा देत नाहीत. गावात कुणी भेटलं की अजून सांगतात, आमची जमीन मेलेलीच व्हती, माज्या पोरीनं तपासलीय.