दोनशे त्र्याहत्तर वजा

मी चौथी शिकलेली. मुलाला म्हैसूरच्या हेब्बाळ भागात नोकरी लागली म्हणून त्याच्यामागे आले, जवळच विजयनगरात राहिले आणि इथेच म्हातारी झाले. नात अकरावीत असताना उत्तरांचं पुस्तक माझ्या हातात द्यायची आणि गणितं तोंडाने सोडवायची. सेल्सिअसचं केल्विन करायचं तर दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे, उलट यायचं तर वजा करायचे. वर पंधरा शतांश असतात म्हणे; ते मी सोडून दिले.

एकदा चार केल्विन आले. चारातून दोनशे त्र्याहत्तर जात नाहीत, असं आमच्या गुरुजींनी छडी घेऊन शिकवलं होतं.

"अय्यो आजी, जातात. उलटं वजा कर आणि पुढे उणे लिही."

मला पटलं नाही. पण लिहिलं.

आता ती परदेशात संशोधन करते. घर ओकंबोकं वगैरे मी म्हणणार नाही. घरात मुलगा आहे, सून आहे, टीव्ही आहे. माझ्याशी बोलायला कुणी नाही, एवढंच.

गेल्या वर्षी फोनवर म्हणाली, "आजी, मी चार केल्विनला काम करते." मी कॅलेंडरच्या मागे वजाबाकी केली. उणे दोनशे एकोणसत्तर. महिनाभर खपून लोकरीचे मोजे आणि कानटोपी विणली, मुलाला पाठवायला लावली. पार्सल मिळाल्यावर ती हसत सुटली.

"अगं, यंत्र आतून चारावर असतं. मी बाहेर खुर्चीवर बसते. इथे दोनशे पंच्याण्णव आहे!"

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

फोन ठेवून वजा केले. बावीस. आमच्या व्हरांड्यात सकाळी असतं तेवढंच. तेवढ्याच उबेत बसते, फक्त इथे बसत नाही.

यंत्र गार आहे तोवर तिला ते सोडून येता येत नाही. यंदा भाद्रपदात ते बिघडलं. आधी सावकाश खोलीइतकं गरम होऊ द्यायचं, मग दुरुस्तीवाला लांबून येणार, पंधरा दिवस जाणार.

"तेवढ्यात येऊन जाते. दसऱ्याच्या बाहुल्या मीच मांडणार, तू हात लावू नकोस."

इथे नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, तशा आम्हीही मांडतो. कुणाचं यंत्र बिघडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. रोज सकाळी ती आकडा सांगायची. साठ. एकशे तीस. दोनशे वीस. मी वजाबाकी मांडायची आणि उणे कमी होताना बघायची. दोनशे त्र्याहत्तर झाले त्या दिवशी शून्य लिहिलं आणि माळ्यावरून बाहुल्यांची पेटी काढून घेतली.

दोनशे पंच्याण्णवाला पोचल्यावर दोन दिवसांनी फोन आला.

"तिकीट काढलंस?" मी विचारलं.

"आजी, तो दुरुस्तीवाला कालच आला. छोटंसंच निघालं, दोन तासांत झालं. परत गार करायला घेतलंय."

"बरं झालं," मी म्हणाले. "यंत्राचं."

"रागावलीस?"

"काम कर तुझं."

बाहुल्या मी मांडल्या. राजाराणी सगळ्यात वरच्या पायरीवर. ती राणीला डावीकडे ठेवायची. मीही तिथेच ठेवली. मांडून होत आलं होतं तेवढ्यात तिचा फोन आला.

"दोनशे दहा, आजी."

कॅलेंडर समोर होतं, पेन्सिलही होती. मी वजाबाकी केली नाही.