अंतरपाट दूर होताना

मधूदादा गेला, तेव्हा वहिनीचा फोन शेजारच्या काकूंकडे आला. मी ओल्या हातांनीच धावले. "वन्सं, या," एवढंच म्हणाली ती. पुढचं विचारायची गरजच नव्हती. मधुमेहाने आधी डोळे नेले होते, मग किडन्या. आता महिना होईल... भेटेल तो म्हणतो, सुटला बिचारा. मला त्या 'सुटला'चा अस्सा संताप येतो! माझ्या भावाला सुटायचं नव्हतं हो, त्याला फोटो काढायचे होते.

अंबरनाथ पूर्वेला त्याचा स्टुडिओ होता. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या ओळखीपाळखीत त्याच्या कॅमेऱ्याशिवाय लग्न लागत नसे. तेव्हा फोकस हाताने करावा लागे. एकदा त्याने मला कॅमेऱ्याला डोळा लावायला दिला, तर मधल्या गोलात नवरदेवाच्या नाकाचे दोन तुकडे! "लेन्सचं कडं फिरव, नाक सांधलं की दाब," दादा म्हणाला. मी नाक सांधेपर्यंत नवरदेव उठून पंगतीला गेला. दादा हसून हसून बेजार झाला. पण कामात मात्र महाखडूस. मुंडावळ्यांचे मोती सुटे सुटे दिसले नाहीत, तर तो फोटो गिऱ्हाइकाला द्यायचाच नाही.

नव्वदीनंतर आपोआप फोकस करणारे कॅमेरे आले. दादाने आधी नाकं मुरडली आणि मग एके दिवशी मला घेऊन उल्हासनगरला गेला, एक घेऊनच आला. दुकानदार सिंधी, बोलका. "साईं, अब टेन्शन खतम. आँख का काम मशीन करेगा." दादा हसला नाही. मला वाटलं, याला नव्याची हौस आली. खरं म्हणजे नाक सांधलं की नाही, हेच त्याला दिसेनासं झालं होतं. हे ठाऊक होतं फक्त वहिनीला, आणि तिला त्याने स्वतःची शपथ घातली होती.

"यात दोन तऱ्हा आहेत, सुधे," येताना रिक्षात तो सांगत होता. "एकीत बटण अर्धं दाबलं की कॅमेरा अंतर पकडतो आणि बोट उचलेपर्यंत सोडत नाही. दुसरीत समोर जे येईल त्याच्यामागे धावतो. पोरांच्या शर्यतींना ही दुसरी. लग्नाला पहिलीच. वरचं हे चाक फिरवून तऱ्हा बदलायची, कुठली लागली ते या पट्टीवर अक्षरांत उमटतं." अंतरपाटाच्या फोटोसाठी तर त्याने युक्ती काढली होती. बाजूला उभं राहायचं, नवरानवरीच्या मधल्या कापडाच्या कडेवर फोकस धरायचा आणि बोट हलवायचं नाही. कापड खाली गेलं तरी फोकस तिथेच, आणि दोघंही त्याच अंतरावर.

माझ्या मीनाचं लग्न बदलापूरला झालं. मामाने मुलीच्या पाठीशी उभं राहायचं, ही रीत. हा ऐकेना. "मामा कोणीही होईल, तो फोटो मीच काढणार." शेवटी चुलतभावाला मामा केला. मी चिडलेच होते. वहिनीला मात्र तो सकाळीच सांगून बसला होता, "आज हे जमलं तर धंदा चालू. नाहीतर शटर खाली."

मंगलाष्टकं संपता संपताच बँड कडाडला, अंतरपाट गेला. अंतर पकडलं की तो कॅमेरा बारीक पिक् करायचा, आणि दादा अलीकडे त्या आवाजावरच चालत होता. त्या गदारोळात कसलं पिक् आणि कसलं काय!

प्रिंट आले, तसा तो वहिनीला घेऊन माझ्याकडे आला. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. "सुधे, मोती दिसतात का बघ." मी बघितलं. वहिनी माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको म्हणून. पण फोटोच्या बाबतीत दादाला खोटं कसं सांगणार? "नाही दिसत, दादा," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातून फोटो घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आदल्या दिवशी कात्रपच्या शाळेत शर्यती होत्या. चाक परत लग्नाच्या तऱ्हेवर फिरवायचं राहिलं की फिरवलं... पट्टीवरची अक्षरं वाचता येत नाहीत गं." स्वतःच्या तोंडाने त्याने हे पहिल्यांदा सांगितलं. त्याच आठवड्यात स्टुडिओ बंद झाला. पुढे तो खिडकीशी बसून असायचा, आणि आम्ही गेलो की आवाजावरून ओळखायचा.

तो फोटो माझ्या कपाटात आहे. कापड दूर होताच कॅमेरा दोघांच्या मधल्या फटीतून पलीकडे धावला. मीना आणि जावई नुसते धुरकट, पण पलीकडची माणसं लख्ख. सगळे हात अक्षता टाकायला वर गेलेले, सगळ्या नजरा नवरानवरीवर. एकट्या वहिनीने अक्षता टाकलेल्या नाहीत. मूठ छातीशी आवळून ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे, त्यामागच्या दादाकडे. इतकी घाबरलेली वहिनी मी दादाच्या शेवटच्या दिवशीही पाहिली नाही.