गाळातली पायरी

परवा नाथसागराच्या काठी उन्हाळी महोत्सवाला गेलो. सत्कार एवढे लांबले की होड्या काठालाच राहिल्या. पण सुकत्या गाळाचा वास आला आणि धाकट्या भावाचं जावळ आठवलं.

आमचं गाव धरणात गेलं, देऊळही. जावळ मात्र त्या देवापुढंच काढायचं, म्हणून पाणी हटायची वाट बघत भाऊ वेणीसकट शाळेच्या वयाला आला. त्या मे महिन्यात पाणी मागं गेल्याची खबर आली आणि गाव उठल्यावर राहायला गेलो होतो त्या गारखेड्याहून सगळं घर टेम्पोनं तिथं पोचलं. समोर नुसता भेगाळलेला गाळ.

"दाजी, देऊळ कुठंय?" मामानं विचारलं. "का पोराला वेणी घालूनच शाळंत धाडता?"

"दम धर की," म्हणत वडील चालत राहिले. एका जागी थबकले, चपला काढल्या, हातानं गाळ उपसू लागले. खाली दगडी पायरी लागली. मामानंही चपला काढल्या.

पुढचं पाहून तेव्हा मला हसू आलं होतं, आता अंगावर काटा येतो. दार कुठंच नव्हतं, तरी वडील डोकं वाकवून आत गेले. मागून भावाला कडेवर घेतलेला मामाही वाकला, आणि चौकट लागू नये म्हणून त्यानं भावाच्या डोक्यावर हात धरला.